बंद घर, शिवारातली केबल आणि गावाची नोंदवही

सरपंच ताई, आपल्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. आपले गाव यवतमाळ जिल्ह्यात, वस्ती बाराशेच्या आसपास. गावठाणाच्या टोकाला एक मोठे घर अकरा वर्षांपासून बंद आहे, मालक बाहेरगावी आहेत, मागचे दार मोडलेले आहे आणि दिवेलागणीनंतर तेथे दारू, पत्ते आणि अलीकडे गांजाही चालतो. शिकवणीहून परतणाऱ्या मुलींचा रस्ता त्याच घरावरून जातो. यंदाच्या हंगामात शिवारातून सात-आठ मोटारपंपांची केबल गेली. लोक पारावर बसून बोलतात, ठाण्यात मात्र कोणी जात नाही. आणि आता काही तरुण "आम्हीच रात्री बंदोबस्त करतो" असे म्हणू लागले आहेत. सुरुवात कोठून करावी, असे आपण विचारले आहे.

मी एकोणीस वर्षे पोलीस पाटील होतो. वय झाल्यावर पद सुटले, काम सुटले नाही. आसपासच्या गावांतल्या समित्या आजही बोलावतात. पोलीस पाटलाची जागा मोठी विचित्र असते. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, 1967 नुसार त्याने गावातल्या गुन्ह्यांची खबर वर द्यायची असते आणि ज्याची खबर द्यायची त्याच्याच आळीत राहायचेही असते. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते गावात राहून, त्याच माणसांचे तोंड रोज बघत करता येण्याजोगे आहे.

सुरुवात त्या घरापासून करा, घरात बसणाऱ्या माणसांपासून नव्हे. बसणारी माणसे गावातलीच असतात. कोणाचा दीर, कोणाचा साळा, कोणाचा सालगडी. त्यांची नावे पुढे आली की पहिल्याच बैठकीत गाव दोन भागांत वाटले जाते आणि मूळ प्रश्न बाजूला पडून मागच्या निवडणुकीचा हिशेब सुरू होतो. पडक्या घराशी मात्र कोणाचे नाते नसते. ते घर ठीक करावे, असे म्हटल्यावर विरोधी गटालाही नाही म्हणणे अवघड जाते, आणि तेथे बसणाऱ्याचा बापसुद्धा मान डोलावतो, कारण मुलगा कोठे असतो हे त्यालाही ठाऊक असते.

पहिले काम मालक शोधण्याचे. ग्रामपंचायतीत नमुना 8 काढा. त्यावर घराच्या कर आकारणीसाठी नोंदलेले नाव मिळेल. ते नाव बहुधा मयत माणसाचे असते, आणि नमुना 8 हा मालकीचा पुरावाही नव्हे, त्यामुळे तेवढ्यावर थांबू नका. 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी झाली आहे. आपल्या गावाची मिळकत पत्रिका तयार झाली असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून तिची नक्कल घ्या. कागदावर न मिळणारी माहिती शेजारच्या म्हाताऱ्यांकडे असते. आमच्या गावातल्या वाड्याचे तीन वारस होते, त्यांपैकी एकाचा पुण्याचा पत्ता आम्हांला शेजारणीच्या देवघरामागे खोचून ठेवलेल्या जुन्या लग्नपत्रिकेवर मिळाला. पत्रिकेत खाली काका-मामांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक छापतात, त्याचा असा उपयोग होईल हे छापणाऱ्याला कधी वाटले नसेल.

पत्र कसे लिहावे यावर थोडे थांबतो, कारण येथेच बहुतेक ग्रामपंचायती चुकतात. पहिलेच पत्र "अन्यथा आपणाविरुद्ध कायदेशीर कारवाई करण्यात येईल" अशा भाषेत गेले की वारस ते वकिलाला दाखवतो, वकील त्याला गप्प बसायला सांगतो आणि वर्ष निघून जाते. आमचे पहिले पत्र साधे होते. आपल्या वडिलांच्या घराची आज ही स्थिती आहे, पावसाळ्यात पश्चिमेची भिंत रस्त्याकडे झुकली आहे, रात्री तेथे काय चालते ते सोबतच्या छायाचित्रांवरून दिसेल, दिवाळीत आलात तर बसून मार्ग काढू, एवढेच. सोबत सहा छायाचित्रे होती. एकात अंगणातले तुळशीवृंदावन होते. त्याच्या कोनाड्यात, जेथे पूर्वी पणती ठेवत, तेथे रिकामे पव्वे रचून ठेवलेले होते. पत्र पोचल्यावर दोन वारसांनी काहीच कळवले नाही. तिसऱ्याच्या, म्हणजे सर्वांत मोठ्या भावाच्या, विधवेने मात्र दूरध्वनी केला. त्या वाड्यात त्या सून म्हणून आल्या होत्या आणि ते वृंदावन रोज त्यांनी सारवलेले होते. बोलता बोलता त्या थांबल्या, मग म्हणाल्या, "पाटील, दिवाळीले येतो, कुलूप घेऊनच येतो." आणि खरोखरच आल्या. सोबत मुलगा, दोन कुलपे आणि तारेचे एक बंडल होते.

सगळ्याच गावांना अशी बाई भेटत नाही, हे मान्य. मालकाने दादच दिली नाही तर पुढचे मार्ग आहेत. घरपट्टीची थकबाकी असतेच; तिची रीतसर मागणी नोटीस काढा. पैसा येवो न येवो, नोटिशीमुळे वारसांचा आपसांत संवाद सुरू होतो. घराचा काही भाग वा मलबा सार्वजनिक रस्त्यावर आला असेल तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 53 खाली अडथळा व अतिक्रमण काढण्याचा अधिकार पंचायतीलाच आहे. घर कोसळण्याच्या बेतात असेल, किंवा आवारात उघडी विहीर असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 152 उपयोगी पडते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम 133 होते. त्याखाली उपविभागीय दंडाधिकारी मालकाला ठरावीक मुदतीत इमारत दुरुस्त करण्याचा, पाडण्याचा किंवा विहिरीला कुंपण घालण्याचा सशर्त आदेश देऊ शकतात. मालकाला हजर होऊन आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळते. या अर्जात दारू-जुगाराचे पुराण लावू नका. भिंत किती झुकली आहे, रस्त्यापासून किती फुटांवर आहे, तेथून किती शाळकरी मुले जातात, हे मोजून लिहा आणि ग्रामसभेचा ठराव जोडा. अधिकाऱ्याला हातात धरता येईल अशी गोष्ट दिली की कागद हलतो.

कुलूप लावल्याने काम संपत नाही. रिकामे घर पुन्हा रिकामे राहिले की कुलूप सहा महिन्यांत तुटते. आमच्या त्या वहिनींनी नोटरी केलेले संमतीपत्र देऊन अंगण व ओसरी महिला बचत गटाला वापरायला दिली. मार्च उजाडला की तेथे कुरड्या, सरगुंडे, पापड वाळत पडतात, आणि जेथे दुपारभर पंधरा बायका राखणीला बसल्या आहेत तेथे संध्याकाळी पत्ते पिसायला कोणी येत नाही. संमतीपत्रात मुदत, वापर आणि घर परत करण्याची अट स्पष्ट लिहा. कब्जा जाईल या धास्तीनेच बहुतेक वारस घर उघडू देत नाहीत. आणि खरे तेही सांगतो: आमचे पत्तेवाले गावातून गेले नाहीत, ते समाजमंदिरामागच्या मोकळ्या जागेत गेले. तेथे दिवा लावायला आणखी एक वर्ष लागले. तरी मुलींच्या रस्त्यावरून ते हलले, आणि उघड्यावर बसणाऱ्याला आडोशाचे धाडस राहत नाही.

घर खासगी नसून जिल्हा परिषद शाळेची शिकस्त खोली असेल तर मार्ग वेगळा आहे. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत निर्लेखनाचा, म्हणजे खोली सरकारी नोंदीतून काढून टाकण्याचा, प्रस्ताव पाठवावा लागतो. निर्लेखन झाल्याशिवाय खोली पाडू नका, उत्साहाच्या भरात तर मुळीच नाही. सरकारी मालमत्तेची नासधूस केल्याचा ठपका सरपंचावर येतो.

आता नोंदवहीकडे वळतो. माझ्या मते गावाने एकत्र येऊन करायचे सर्वांत महत्त्वाचे काम हेच आहे आणि सर्वांत कंटाळवाणेही हेच. एक साधी दोनशे पानी वही घ्या आणि पाने क्रमांकित करा. लिहायचे ते डोळ्यांनी पाहिलेलेच: "मंगळवार, रात्री 8.40. मागच्या दाराने चार माणसे आत. दुचाकी दोन, एकीच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे अमुक. 9.15 ला पांढऱ्या पिशवीत खोके घेऊन एक माणूस आला, पाच मिनिटांत परत गेला." कोण वाईट, कोणाचा कोणाला आशीर्वाद, कोण किती खातो, यातले एक अक्षर वहीत येऊ देऊ नका. वही दोघांकडेच राहावी, त्यांपैकी एक बाई असावी, आणि तिचे छायाचित्र काढून व्हॉट्सॲपच्या गावगटावर कोणी टाकणार नाही याची शपथ पहिल्या दिवशीच घ्यावी. गावगटावर गेलेला मजकूर अड्ड्यावर पाच मिनिटांत पोचतो. तेथील मंडळीही त्याच गटात असतात.

महिनाभर अशी वही चालली की तिच्यातून काहीतरी उठून दिसू लागते. एका गावात सव्वा महिन्याच्या नोंदी मांडल्या तेव्हा दिसले की खोकी घेऊन येणारी दुचाकी आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळीच येते, इतर दिवशी कधीच नाही. तोवर गाव रोज रात्री तक्रार करत होते, पोलीस कधीमधी येत होते आणि रिकाम्या हाताने जात होते. ठाणेदारांच्या पुढे तो एक कागद ठेवल्यावर त्यांना रोज यावे लागले नाही, एकदाच यावे लागले. ठाण्याकडे चाळीस-पन्नास गावे आणि मोजके मनुष्यबळ असते. "आमच्या गावात फार त्रास आहे" हे वाक्य त्यांनी दिवसातून दहादा ऐकलेले असते. वार आणि वेळ कोणी सांगत नाही. बीट जमादारांना, म्हणजे आपल्या भागाची जबाबदारी असलेल्या हवालदारांना, आधी भेटा, नंतर ठाणेदारांना. उलट क्रमाने गेलात तर जमादार दुखावतात आणि गावात यायचे असते ते त्यांनाच.

येथे माझी एक चूक सांगणे भाग आहे. 2007 मध्ये महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हा आमच्याकडेही समिती झाली आणि पहिल्या वर्षाचा उत्साह मोठा होता. एका बाईने शेजारच्या घरातील दारूविक्रीची लेखी तक्रार समितीकडे दिली. मी ती बैठकीत उभे राहून, तिच्या नावासह, मोठ्याने वाचून दाखवली. पारदर्शक कारभार दाखवायची हौस होती. आठ दिवसांच्या आत शेतातली तिची सोयाबीनची गंजी रात्री पेटली. पंचनामा झाला, गुन्हा दाखल झाला, कोणावर काही सिद्ध झाले नाही. त्या बाईने मला कधी शब्दाने दुखावले नाही, पण पुढे कोणत्याही कामासाठी ती माझ्या दारात आली नाही. तेव्हापासून माझा नियम असा आहे की तक्रार एका माणसाच्या नावाने जायचीच नाही. ती ग्रामसभेच्या ठरावाने, ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाच्या, शिक्क्याने किंवा किमान पंचवीस-तीस सह्यांनी जावी, आणि सह्यांमध्ये वेगवेगळ्या आळ्यांतली, वेगवेगळ्या समाजांतली नावे असावीत. जाळायचे म्हटले तर तीस गंज्या कोण जाळणार?

दारूच्या बाबतीत कायदा नेमका समजून घ्या, कारण विदर्भात जिल्ह्यागणिक स्थिती वेगळी आहे. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून आणि गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे; चंद्रपुरात ती 1 एप्रिल 2015 ला लागू झाली आणि 2021 मध्ये उठली. आपल्या जिल्ह्यात बंदी नाही, त्यामुळे तालुक्याच्या परवानाधारक दुकानातून सीलबंद देशी घ्यायची आणि गावात आणून चढ्या भावाने विकायची, हा प्रकार सर्रास चालतो. बाटली खरी असली तरी विनापरवाना विक्री हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 खाली गुन्हाच आहे. मोहफुलाची हातभट्टी हा त्याहून वेगळा प्रकार. तेथे नाल्याकाठी जमिनीत पुरलेल्या ड्रममध्ये सडवा, म्हणजे दारू गाळण्यासाठी आंबत ठेवलेले मोहफुलाचे पाणी, असतो. ड्रम सापडला की बायकांचा राग अनावर होतो आणि त्या तो उलथून टाकतात. त्यांचा राग मला समजतो, पण सडवा हाच पुरावा असतो. पंचनामा होऊन नमुना घेतला जाईपर्यंत त्याला हात लावू नये. कोणाच्या घरात घुसून बाटल्या फोडल्या तर उलट तक्रार होते आणि वर्षभर गावातल्या बायकाच तारखांना फिरतात. गांजाबाबत तर याहून कडक सांगतो: पुडी दिसली तरी उचलू नका, जाळू नका, ठाण्यात नेऊन देण्याचा पराक्रमही करू नका. ती जवळ बाळगणे हाच गुन्हा आहे. जागा दाखवा आणि बाजूला व्हा.

एका विक्रीच्या गुन्ह्याने विक्रेता बंद होत नाही, दंड भरून तो आठवड्यात परत बसतो, असे लोक म्हणतात आणि ते बरोबरच आहे. परंतु प्रत्येक गुन्हा त्याच्या नावावर साचत जातो. पुन्हा पुन्हा सापडणाऱ्याकडून दारूबंदी अधिनियमाच्या कलम 93 खाली चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र घेता येते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 56 खाली जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी तडीपारी होऊ शकते, आणि अगदी टोकाच्या प्रकरणात 1981 च्या स्थानबद्धता कायद्याखाली (एमपीडीए) हातभट्टीवाल्याला एक वर्षापर्यंत स्थानबद्ध करता येते. हे सर्व प्रस्ताव मागच्या गुन्ह्यांच्या यादीवर उभे राहतात. म्हणून लहान गुन्हाही नोंदवून घ्यायचा, आणि पंच म्हणून सही केली असेल तर न्यायालयात तीच साक्ष द्यायची. पंच फितूर झाल्याने पडलेले खटले मी मोजायचे सोडून दिले आहेत. पंच व्हायला तयार असलेली, साक्षीला टिकणारी चार माणसे गावात आधीच हेरून ठेवा. ती भाषणे करणाऱ्यांत सहसा सापडत नाहीत.

एक गोष्ट जाता जाता. गावात विकणारी बहुधा एखादी विधवा किंवा कर्जबाजारी कुटुंब असते, माल पुरवणारा दुसराच असतो आणि तो दुचाकीवरून येऊन जातो. विकणाऱ्या बाईला बचत गटात घेऊन शेळीसाठी कर्ज दिले आणि तिने विक्री सोडली, असे मी दोनदा पाहिले आहे; एकदा शेळी विकून ती परत धंद्याला लागली, हेही पाहिले आहे. नोंदवहीत मात्र पुरवठा करणाऱ्याकडे लक्ष ठेवा.

परवाना असलेल्या दुकानाचाच त्रास असेल तर मतदानाचा मार्ग आहे, ज्याला आपण आडवी बाटली-उभी बाटली म्हणतो; आडवी म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू. 2008 च्या नियमांनुसार गावातील किमान 25 टक्के मतदारांनी किंवा महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली की पडताळणी होऊन मतदान घेतले जाते, आणि आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाच्या नव्हे तर एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. त्यामुळे अडचण विरोधी मतांची नसते, न आलेल्या बायकांची असते. कापूस वेचणीच्या दिवसांत तारीख आली की अर्ध्या बाया मजुरी बुडवून केंद्रावर येत नाहीत. तारीख ठरताना हे अधिकाऱ्यांना लेखी कळवा.

केबलचोरीकडे येतो. आपल्या गावात सात-आठ चोऱ्या झाल्या आणि एकही गुन्हा नोंदला गेला नाही, असे आपण लिहिले आहे. म्हणजे पोलिसांच्या कागदावर आपल्या शिवारात चोरीच झालेली नाही. एवढ्याशा केबलसाठी कोण ठाण्याच्या चकरा मारणार, असा शेतकऱ्याचा हिशेब असतो. चकरा वाचवायच्या तर सर्वांनी एकाच दिवशी, बिलाची प्रत वा मोटारीवरील क्रमांकाचे छायाचित्र घेऊन, एकत्र जावे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्याचा पोलीस स्वतःहून तपास करू शकतात असा, कोणत्याही हद्दीत घडला असला तरी खबर घ्यावीच लागते आणि तिची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. घेतली नाही तर तीच माहिती टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. सौर पंपाचे साहित्य गेले असेल तर विम्यासाठीही गुन्ह्याची प्रत लागते. बिले हरवलेली असतात, ती शोधत बसण्यापेक्षा एका रविवारी गावातल्या वेल्डिंगवाल्याला घेऊन शिवारभर फिरा आणि प्रत्येक मोटारीच्या बॉडीवर गावाची खूण व गट क्रमांक कोरून घ्या. खूण असलेला माल कबाडी सहज घेत नाही.

चोर केबल तशीच विकत नाही. तो ती नाल्यात नेऊन जाळतो, रबर जळून जाते आणि तांबे हाती येते. अशा जागी राखेचा काळा पट्टा उरतो, वितळलेल्या रबराचे गोळे चिकटलेले असतात आणि दोन-तीन दिवस वास येत राहतो. गुराख्यांना आणि मेंढपाळांना हे प्रथम दिसते, पण त्यांना कोणी विचारत नाही. नोंदवहीत अशा जागा टिपल्या की तांबे कोणत्या बाजूने बाहेर जाते हे कळते. एका गावात तिन्ही राखेचे डाग एकाच पांदणीच्या, म्हणजे शेतात जाणाऱ्या गाडीवाटेच्या, दोन्ही बाजूंना होते आणि ती पांदण ज्या डांबरी रस्त्याला मिळत होती तेथून तालुक्याचा कबाडी दोन किलोमीटरवर होता. पुढचे काम पोलिसांचे होते आणि ते त्यांनी केले.

आता तरुणांच्या गस्तीचा विषय. त्यांच्या उत्साहाला नाही म्हणू नका, पण मोकळेही सोडू नका. गस्त घालणाऱ्यांची नावे व वार यांची यादी ठाण्यात आधी द्या, चौघांची तुकडी ठेवा, शिट्टी आणि बॅटरी पुरे. काठीसुद्धा नको, मग कुऱ्हाड-विळा तर दूरच. अनोळखी माणूस दिसला की 112 वर कळवायचे आणि लांबून नजर ठेवायची. डोळ्यांसमोर दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा करताना कोणी सापडला तर सामान्य नागरिक त्याला पकडू शकतो, पण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 नुसार विनाविलंब, आणि कोणत्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या स्वाधीन करावेच लागते. त्याला मारहाण करण्याचा अधिकार कोणालाही नाही. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारे समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार केले; ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते आणि निर्दोष होते. तो जमावही आपण गावाचे रक्षणच करत आहोत असे समजत होता.

याच ओघात पारधी बेड्याविषयी, म्हणजे पारधी समाजाच्या वस्तीविषयी, स्पष्ट लिहितो. आपल्या भागात चोरी झाली की पहिले बोट बेड्याकडे जाते. 1871 च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते. तो शिक्का 1952 मध्ये कायद्यातून पुसला गेला, लोकांच्या तोंडून गेलेला नाही. आमच्या शिवारातल्या ज्या केबलचोरीचा छडा लागला तिच्यात पकडलेले तिघे बेड्यावरचे नव्हते. त्यांतला एक तर आमच्याच समितीच्या सदस्याचा पुतण्या होता. बेड्यावरचे लोक रात्री शिवारात जास्त असतात, त्यांना गाड्यांचे आवाज, अनोळखी पावले आधी कळतात. त्यांच्यातल्या दोघांना समितीत घ्या. हे सुचवल्यावर बैठकीत कुरकुर होईल, ती होऊ द्या.

गस्तीविषयी आणखी एक सांगणे फार महत्त्वाचे. रात्री ती गावठाणात आणि डांबरी रस्त्यावरच असावी, पांदणीने शेतात शिरू नये. रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेत वीजप्रवाह सोडण्याचा बेकायदा आणि जीवघेणा प्रकार आपल्याकडे चालतो, हे आपल्यालाही ठाऊक आहे. अंधारात तार दिसत नाही. जंगलालगतच्या गावात वाघ-बिबट्याची भीती निराळीच. शिवारावर नजर ठेवायला तेथे आधीच माणसे असतात: तूर-हरभऱ्याच्या दिवसांत मचाणावर जागलीला जाणारे शेतकरी. कोण कोणत्या गटात जागलीला आहे याची यादी आणि त्यांचे क्रमांक एकत्र केले तर रात्रीचा पहारा फुकटात उभा राहतो. आणि जागलीवाल्यांची बैठक झालीच तर तारेतल्या करंटचा विषय तेथेच काढा.

समिती बनवताना दोन्ही गट घ्या. सरपंच म्हणून आपण अध्यक्ष होऊ नका, असे माझे मत आहे. अध्यक्षपद मागच्या निवडणुकीत आपल्या विरोधात उभ्या राहिलेल्या पॅनलमधल्या एखाद्या समंजस बाईकडे गेले तर काम दुप्पट टिकते. गावात तुकडोजी महाराजांचे गुरुदेव सेवा मंडळ असेल तर सामुदायिक प्रार्थनेनंतरची दहा मिनिटे मागून घ्या. वेगळी बैठक बोलावली की तिला राजकारणाचा वास येतो. ठरावासाठी मात्र ग्रामसभाच हवी. गणपूर्तीला 15 टक्के मतदार किंवा 100 मतदार, यांपैकी कमी असेल तो आकडा लागतो. त्याआधी महिला सभा घेणे बंधनकारक आहे आणि अनेक गावांत ती रजिस्टरमध्येच होते. यावेळी ती खरोखर घ्या. बंद घराविषयी मुली जे बोलतील ते ग्रामसभेत बोलणार नाहीत. बेकायदा दारूसाठी ग्रामसभेच्या ठरावाने ग्रामरक्षक दल स्थापण्याची तरतूद 2016 च्या दुरुस्तीने झाली आहे. त्याचा ठराव त्याच सभेत घेता येईल, पण पहिल्याच सभेत सगळे उरकण्याची घाई नको. माझ्या अनुभवाने पहिल्या सभेत एकच ठराव असावा, बंद घराचा. तो मार्गी लागताना दिसला की केबलवाले शेतकरी आपणहून वही मागायला येतात.

पुढच्या आठवड्यात ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून त्या घराचा नमुना 8 आणि घरपट्टीचा थकबाकी उतारा घ्या, दिवसाउजेडी रस्त्यावरूनच सहा छायाचित्रे काढा, आत जाऊ नका. वारसांची नावे मला कळवू नका. ते किती आहेत, कोणत्या गावी आहेत आणि त्यांच्यापैकी कोणाचे बालपण त्या घरात गेले, एवढेच लिहा. त्या माणसाला पहिले पत्र पाठवायचे आहे.